पासंग कोणाच्या हाती?



आपल्या गावाच्या नावातच बाजार आहे. ज्या शेलूबाजारने पिढ्यान्‌पिढ्या तराजूची दांडी पाहिली, मापाऱ्याचा पुकारा ऐकला आणि काटामारीवरून झालेली भांडणेही सोडवली, त्या गावापुढे तराजूविषयी बोलावयास मला संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र आज मी ज्या तराजूविषयी बोलणार आहे त्याला दांडी नाही, पारडी नाहीत, आणि त्याचा पासंग कोठे बांधला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. तो संगणकाच्या पोटात आहे. कामगार संघटनेच्या माणसाने संगणकाच्या वाटेस का जावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. हमालाची हमाली क्विंटलावर ठरते, मापाऱ्याची तोलाई क्विंटलावर ठरते आणि शेतकऱ्याचे वर्ष क्विंटलावर ठरते. हा क्विंटल आता यंत्र सांगते, तेव्हा ते कोणाच्या सांगण्यावरून सांगते हे आम्हाला पाहिलेच पाहिजे.

वजनापेक्षाही ओलाव्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याला अधिक जवळचे. सोयाबीन घेऊन शेतकरी खरेदी केंद्रावर जातो. मूठभर दाणे यंत्रात टाकले जातात, कळ दाबली जाते आणि पडद्यावर आकडा उमटतो. हमीभावाच्या खरेदीस ओलाव्याची मर्यादा शेकडा १२ होती. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ पर्यंत वाढवली, कारण परतीच्या पावसाने भिजलेला माल केंद्राच्या दारातून परत जात होता. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. आता हिशेब करा. शेकडा १४ ओलावा असलेल्या एका क्विंटलात कोरडा माल ८६ किलो. तोच माल १२ वर आणला तर वजन भरेल सुमारे ९७.७ किलो. म्हणजे दोन अंकांच्या फरकात सव्वादोन किलोंवर माल जातो, हमीभावाने सुमारे १११ रुपये. हे झाले व्यापारी कापून घेईल तेवढे. हमीभावाच्या केंद्रावर मात्र मर्यादेच्या अलीकडे आणि पलीकडे एवढेच दोन निकाल असतात. एकात गाडी रिकामी होते, दुसऱ्यात भरलेली परत फिरते.

आणि तो आकडा येतो कोठून? बाजारात सर्रास वापरले जाणारे यंत्र पाणी मोजत नाही. दोन धातूंच्या भिंतींमध्ये दाणे भरले की त्या भिंतींमध्ये वीज किती साठते तेवढेच ते पाहते. विजेच्या ह्या गुणात पाण्याचा अंक ८० च्या घरात आणि कोरड्या दाण्याचा दोन ते चारच्या आसपास, म्हणून ओल थोडी वाढली तरी साठवण बरीच वाढते. पण दाणे दाबून भरले की सैल भरले, दुपारी मोजले की पहाटे, सोयाबीन आहे की हरभरा, ह्या प्रत्येकाने साठवण बदलते. म्हणून यंत्रात प्रत्येक धान्याचे एक कोष्टक आणि तापमानाची दुरुस्ती भरलेली असते. पडद्यावर उमटलेला आकडा हा मोजलेल्या गोष्टीवर कोष्टकाचा संस्कार होऊन आलेला असतो. मोजणारा भाग खरा असला आणि कोष्टक चुकीचे लागले, तर आकडा खोटा येतो आणि यंत्र मात्र बिघडलेले नसते.

वजनकाट्याचेही तसेच. १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूगे ह्या दोघांनी, एकमेकांस न कळत, ताण मोजणारी तार शोधून काढली. धातूच्या ठोकळ्यावर बारीक तार चिकटवावी, ठोकळ्यावर भार पडला की तो केसाहून कमी वाकतो, तार ताणली जाते आणि तिचा विजेस होणारा विरोध बदलतो. हाच आजचा लोडसेल. पन्नास किलोंचा लोडसेल घ्या आणि त्यास पाच व्होल्टची वीज द्या. पूर्ण भार आला तरी त्यातून निघणारा फरक साधारणतः दहा मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा शंभरावा हिस्सा. एवढ्या क्षीण आवाजाला मोठे करून त्याचा आकडा बनवणारी वेगळी चिप असते. तिला कन्व्हर्टर म्हणतात, आपण परिवर्तक म्हणू. स्वस्त आणि सर्वत्र आढळणाऱ्या एका परिवर्तकाचे नाव एचएक्स७११. तो आवाज १२८ पटींनी वाढवतो आणि पन्नास किलोंचा आकडा सुमारे ४३ लाख असा देतो. ४३ लाख काय? ना किलो, ना शेर. तो कच्चा आकडा आहे, शेतातून नुकत्याच काढलेल्या, चाळणी न लागलेल्या मालासारखा. त्याला वजन करण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, रिकाम्या काट्यावर येणारा आकडा वजा करणे, आणि दोन, उरलेल्याला योग्य त्या अंकाने गुणणे.

पहिली गोष्ट आपल्याला नवी नाही. तराजूची दोन पारडी सारखी नसली तर हलक्या बाजूस खडा किंवा चिंधी बांधून ती सारखी करीत. त्या खड्याला पासंग म्हणतात. अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही, असे आपण म्हणतो ते ह्यावरूनच. संगणकवाले ह्याच खड्याला ऑफसेट म्हणतात, आणि गुणण्याच्या अंकाला स्केल. ह्या दोहोंतील फरक नीट ध्यानात घ्यावा, कारण फसवणुकीचे दोन प्रकार त्यातून होतात. पासंग खोटा असेल तर प्रत्येक तोलामागे तेवढेच वजन जाते, पोते लहान असो की मोठे. ही लबाडी रिकाम्या काट्यावर ओळखू येते. गुणाकाराचा अंक खोटा असेल तर रिकामा काटा बरोबर शून्यच दाखवतो, शंभरास दोन खाल्ले जातात आणि पन्नासाचे पोते एकोणपन्नास भरते. तेव्हा ‘बघा, काटा शून्यावर आहे’ असे जो मोठ्याने सांगतो, त्याने अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी प्रमाणित वजन पारड्यात टाकल्यावाचून कळत नाही.

आता थोडे मागे जाऊ. ह्या प्रश्नाचा पहिला सरकारी विचार आपल्याच जिल्ह्यात झाला, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. वऱ्हाड त्या काळी निजामाचा, पण कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाच्या हाती. त्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा आरंभ तेथून धरतात. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, दलालास आणि मापाऱ्यास परवाना आला, देखरेखीला समिती आली. इंग्रजांचे प्रेम शेतकऱ्यावर उतू चालले होते असे नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांस निर्भेळ कापूस हवा होता. समितीतही व्यापारीच भरलेले होते आणि पिकवणाऱ्याला तीत जागा नव्हती. परंतु हेतू काहीही असो, एक गोष्ट त्या कायद्याने मान्य केली. काटा हा ज्याच्या मालकीचा त्याचा खाजगी मामला नाही. तो उघड्यावर, सर्वांदेखत आणि परवानाधारकाच्या हातून चालला पाहिजे. दांडी डोळ्यांसमोर असल्यामुळे तेव्हा एवढे पुरले.

वजनांचा घोळ मात्र पुढे सत्तर वर्षे राहिला. शेर गावागणिक बदले, मण तालुक्यागणिक. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि १९५८ च्या १ ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. किलो सर्वत्र एक झाला. १९६३ साली महाराष्ट्राने बाजार समित्यांचा आपला कायदा केला आणि १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव ह्यांच्यासारख्यांची लढाई होती. सध्या वैधमापनाचा २००९ चा कायदा चालतो, तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी पडताळणी वर्षातून एकदा होते आणि काट्यास शिक्का बसतो. काट्याचे झाकण उघडले तर शिक्का तुटतो. पण सेटिंग बदलण्यासाठी झाकण उघडावेच लागते काय? खरा प्रश्न येथून सुरू होतो आणि तो सोडवण्याची एक रीत, बाजाराशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनी, संगणकाच्या दुनियेत शोधून ठेवली आहे.

संगणकाच्या आरंभीच्या काळात ही रीत नव्हती. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफरॅक १९६० साली चालू झाला. तो मुख्यतः गणिते करणारा. १९६९ साली तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी टीडीसी-१२ हा संगणक बनवला. प्रयोग चालू असतानाच त्याच्याशी जोडून काम करावे असा तो होता. अशा यंत्रांच्या काळात आज्ञावली लिहिणारा स्वतःच परिवर्तकाच्या दाराशी जाई. कोणत्या क्रमांकाच्या दारात कोणता आकडा टाकला म्हणजे पट वाढते, हे त्याच्या डोक्यात किंवा त्याच्या वहीत. माणूस नोकरी सोडून गेला की वहीही गेली. आमच्या गिरण्यांतही जुना जॉबर असाच असे. मागाचा कोणता खिळा किती फिरवावा हे त्यालाच ठाऊक, आणि ते दुसऱ्यास ठाऊक नाही हीच त्याची सत्ता.

ह्या सत्तेला पहिला शह दिला तो ऑपरेटिंग सिस्टिमने. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचे सामान आणि आपले काम ह्यांच्यामध्ये बसलेला कारभारी. कोणाला काय मागता येईल, कोणाला काय बदलता येईल, हे तो पाहतो. १९६९ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्यांनी एक साधा विचार धरला. कागदपत्राची फाइल असते तशीच छापखान्याची, तबकडीची, टंकयंत्राचीही फाइल मानावी, ती उघडावी, वाचावी, तीत लिहावे. प्रत्येक फाइलीवर मालक कोण, वाचावयाचा हक्क कोणास, लिहावयाचा कोणास, हे नोंदलेले. तहसील कचेरीत दप्तर पाहण्याचा हक्क आणि दप्तरात खाडाखोड करण्याचा हक्क वेगळे असतात. युनिक्सने हा भेद यंत्राच्या सामानालाही लावला. मला स्वतःला युनिक्समधील हा सर्वांत मोठा विचार वाटतो. जाणकार दुसरे पुष्कळ सांगतील.

परंतु विचार पुरा गेला नाही. सामानातून वाहणारा मजकूर फाइलीतून येई, सामानाचे सेटिंग मात्र फाइलीत बसेना. त्यासाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आयओसीटीएल नावाची एक मागली खिडकी ठेवण्यात आली. खिडकीतून एक क्रमांक आत द्यावयाचा, क्रमांकाचा अर्थ त्या त्या सामानाच्या कर्त्याने ठरवायचा. खिडकी सोयीची होती यात शंका नाही, पण आत काय काय मिळते ह्याची पाटी तिच्यावर नव्हती. जुन्या जॉबराची वही पुन्हा वेगळ्या रूपाने आली.

१९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्‌सने लिनक्स सुरू केले. त्यातील प्रत्येक ओळ कोणासही वाचता येते. १९९८ च्या सुमारास फ्रोडो लूयार्ड आणि फिलिप एडलब्रॉक ह्यांनी संगणकाच्या मुख्य पाटीवरील उष्णतेच्या आणि विजेच्या मोजमापांची माहिती लिनक्सला मिळावी म्हणून ‘एलएम सेन्सर्स’ हे काम हाती घेतले. त्यात जी अडचण आली ती ऐकण्यासारखी आहे. चिप थोड्याच व्होल्टपर्यंत मोजते, म्हणून बारा व्होल्टचा प्रवाह पाटी बनवणारा दोन रोधकांतून वाटून कमी करून तिला देतो. ते रोधक किती ओहमचे, हे त्याच्याच मर्जीवर, आणि तो ते सांगत नसे. आता आकडा येतो, पण गुणावयाचे कितीने? ह्या लोकांनी त्यासाठी साध्या मजकुराची एक फाइल ठेवली आणि प्रत्येक पाटीचे गुणाकार वापरणाऱ्यांकडून शोधून तीत भरले. कंपनीने झाकलेला पासंग लोकांनी अंदाजाने, तपासून, एकमेकांना कळवून उघडा केला. त्याच काळात काही थिंकपॅड संगणकांत असेही घडले की सेन्सर शोधण्याच्या प्रयत्नात एका नाजूक स्मृतिचिपेतील मजकूरच बिघडला आणि संगणक सुरू होईनासे झाले. तेव्हा वाचणे नेहमीच निरुपद्रवी असते असेही समजू नये. ह्याकडे मी पुढे येणारच आहे.

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सची २.६ ही आवृत्ती आली आणि तिच्यात पॅट्रिक मोशेलने उभी केलेली सिसएफएस ही रचना होती. तिचा दंडक असा की एका फाइलीत एकच मूल्य असावे. तापमानाची एक फाइल, ती उघडली की आत २७५०० एवढेच. म्हणजे साडेसत्तावीस अंश, कारण अपूर्णांक टाळण्यासाठी अंशाचा हजारावा भाग एकक धरला आहे. कोणास वेगळी आज्ञावली लागत नाही, मजकूर वाचता येणाऱ्या कोणासही तो आकडा वाचता येतो.

त्यावर कळस चढला २००९ साली. जोनाथन कॅमेरॉन ह्या इंग्रज संशोधकाने परिवर्तक आणि सेन्सर ह्यांच्यासाठी आयआयओ नावाची उपव्यवस्था लिहिली. ती त्या वर्षीच्या डिसेंबरातील आवृत्तीत उमेदवार म्हणून शिरली आणि २०१२ साली मूळ घरात आली. तिने काय केले? कच्चा आकडा एका फाइलीत ठेवला, नाव ‘रॉ’. पासंग दुसऱ्या फाइलीत, नाव ‘ऑफसेट’. गुणाकार तिसऱ्या फाइलीत, नाव ‘स्केल’. नियम लिहून ठेवला की कच्च्या आकड्यात पासंग मिळवावा आणि बेरजेला स्केलने गुणावे, म्हणजे ठरलेल्या एककात उत्तर येईल. विजेसाठी मिलिव्होल्ट, उष्णतेसाठी अंशाचा हजारावा भाग. चिप जपानची असो, जर्मनीची असो की चीनची, फाइलींची नावे तीच. शिवाय ह्या परिवर्तकास कोणकोणते स्केल चालतात त्यांची यादी देणारीही फाइल असते, म्हणजे मागली खिडकी गेली आणि तिच्या जागी पाटी लागली. एका सेकंदास किती वेळा मोजावयाचे तेही जेथे बदलता येते तेथे फाइलीतून बदलता येते.

मघाच्या एचएक्स७११ ला लिनक्सने ह्या व्यवस्थेत २०१७ साली घेतले. आमच्या कचेरीतील पोरांनी एका लहान संगणकास लोडसेल आणि ही चिप जोडली, तेव्हा मी त्या फाइली स्वतः उघडून पाहिल्या. रिकाम्या पाटीवर एक मोठा आकडा, वर विटेचा तुकडा ठेवला की दुसरा. स्केलच्या फाइलीत आकडा बदलला की चिप आवाज वाढवण्याची पट बदलते. १२८, ६४ आणि ३२ एवढ्याच पटी तिला ठाऊक. गंमत अशी की सेकंदास दहा वेळा मोजावयाचे की ऐंशी वेळा, ही निवड ह्या चिपेत सॉफ्टवेअरच्या हाती नाहीच, चिपच्या एका पायाला तार कोठे जोडली आहे त्यावर ती ठरते. म्हणजे कोणते सेटिंग आज्ञेने बदलते आणि कोणते डाख लावण्याच्या कथिलानेच बदलते, हेही उघड झाले. आणि सर्वसाधारण ठेवण अशी की ह्या फाइली वाचावयास सर्वांना मोकळ्या, लिहावयास फक्त यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याला.

मला येथे कारंजाची आठवण झाली. काटा चालवणारा एक, पण पाहणारे सगळे. १८८६ च्या बाजाराने उघड्या मैदानावर जे केले तेच ह्या लोकांनी फाइलीच्या हक्कांत केले, आणि त्यांनी कारंजाचे नावही ऐकले नसणार.

पण आपल्या बाजारातील काट्यात हे आहे काय? नाही. साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यात लिनक्स नसते, कोणतीच ऑपरेटिंग सिस्टिम नसते. एक लहान चिप आणि तीत कायमची कोरलेली आज्ञावली. पासंग आणि गुणाकार तिच्या स्मृतीत एका बाजूला लिहिलेले, ठराविक कळा ठराविक क्रमाने दाबल्या की बदलता येणारे. वाचण्यासाठी फाइल नाही, कोणी केव्हा लिहिले ह्याची नोंद असेलच असे नाही. काही वर्षांपूर्वी एका भुईकाट्यावर आमच्या हमालांचा तंटा झाला. काटा दुरुस्त होऊन आला आणि त्या दिवसापासून तेवढ्याच पोत्यांचे क्विंटल कमी भरू लागले. पोत्यांची संख्या आमच्या माणसांस तोंडपाठ, क्विंटल मात्र काट्याच्या पोटात. निरीक्षकाने प्रमाणित वजने आणून काटा सरळ केला. पण मधल्या सतरा दिवसांचे काय? सेटिंग दुरुस्तीत चुकले की कोणी चुकवले, हे सांगणारा कागद नव्हता, आकडा नव्हता, साक्षीदारही नव्हता. मजुरी तडजोडीने निम्मी मिळाली. तडजोड करणारा मीच होतो आणि त्या दिवशी त्याहून अधिक मिळण्याजोगे नव्हते.

झाकलेल्या सेटिंगचा मोठा तमाशा राज्याने २०१७ साली पाहिला. त्या वर्षी उत्तर प्रदेशातील पेट्रोलपंपांवरील चोरी उघडकीस आल्यानंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातील पंपांवर छापे घातले. पंपात तेल वाहिले की पल्सर नावाचा भाग त्याचे ठोके पाडतो आणि ठोक्यांचे लिटर होतात. ठोके आणि लिटर ह्यांच्या मधल्या हिशेबातच चिपेच्या द्वारे हात घातला होता. ग्राहक शून्य पाहून घेत होता आणि शून्य बरोबरच होते! त्याच्या दोन वर्षे आधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगन ह्या बलाढ्य जर्मन कंपनीचे बिंग अमेरिकेत फुटले. तिच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली चाकाचा कोन, वेग, वेळ आणि हवेचा दाब हे सेन्सर वाचून ओळखीत असे की ही परीक्षा चालली आहे. परीक्षेत इंजिन सज्जन होई, रस्त्यावर पूर्ववत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती. वर्षातून एक दिवस निरीक्षक येतो आणि शिक्का मारून जातो, एवढ्यावर विसंबणाऱ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी.

मग सर्व फाइली सर्वांना मोकळ्या करा, एवढे म्हणून मला बसता आले असते. पण गोष्ट तितकी सरळ नाही. इंटेलच्या चिपांत वीज किती खर्च झाली हे मोजणारा सेन्सर आहे आणि लिनक्समध्ये त्याची फाइल सर्वांना वाचता येत होती. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्‌सच्या तंत्रविद्यापीठातील आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी दाखवून दिले की हा खर्च बारकाईने वाचत राहिले तर त्याच संगणकावर चाललेल्या दुसऱ्या कामातील गुप्त किल्ल्या काढता येतात. लगेच ती फाइल मुख्य कारभाऱ्यापुरती करण्यात आली. मोबाइलच्या जायरोस्कोपने माणसाच्या बोलण्याचा काही अंश टिपता येतो, हे २०१४ सालीच सिद्ध झाले होते. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून सेकंदास २०० हून अधिक वेळा हे सेन्सर वाचावयाचे तर अॅपला वेगळी परवानगी घोषित करावी लागते.

येथे मला कामगाराचा पक्ष घेऊन एक भेद करावासा वाटतो. पोत्याचे वजन हा दोघांमधला व्यवहार आहे, त्याचा पासंग दोघांनी पाहावयाचा. माणसाचे चालणे, बोलणे, थांबणे हा त्याचा स्वतःचा मामला आहे, त्याचा सेन्सर दुसऱ्याने वाचावयाचा तर त्याला विचारून. आपल्याकडे नेमके उलट होते. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अॅपने दिवसातून दोनदा, जागेच्या नोंदीसह छायाचित्र घेऊन हजेरी लावणे सक्तीचे करण्यात आले. मजुराचा ठिकाणा यंत्राने वाचला, पण यंत्राने नोंदलेला ठिकाणा मजुरास वाचता आला नाही. जागा चुकीची पडली आणि खाडा लागला, तर उन्हातान्हात राबलेल्या बाईने दाद मागावयाची ती कोणत्या आकड्याच्या आधारे?

काट्याच्या बाबतीत जगाने काही वाट काढली आहे. वैधमापनाची आंतरराष्ट्रीय संघटना, जिचा भारत सभासद आहे, तिने २००८ साली सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मापनयंत्रांसाठी एक लेख काढला, क्रमांक डी ३१. त्यात सुचवलेला एक उपाय मला अतिशय आवडला, कारण तो हमालासही कळतो. यंत्रात एक गणक ठेवावा. मापनावर परिणाम करणारे कोणतेही सेटिंग बदलले की तो एकाने वाढावा. तो कमी करता येऊ नये, पुसता येऊ नये. पडताळणीच्या दिवशी निरीक्षकाने तो आकडा प्रमाणपत्रावर लिहून ठेवावा. पुढे केव्हाही काट्यावरचा गणक आणि प्रमाणपत्रावरचा अंक जुळले नाहीत, तर मध्ये कोणी हात घातला हे शाळेतल्या पोरासही सांगता येईल. कोणी घातला ते कळणार नाही, पण केव्हापासून हा वाद तरी मिटेल, आणि आमच्या त्या सतरा दिवसांचा तंटा नेमका त्यावरच अडला होता.

त्यावरून बाजारापुढे मांडण्यासाठी मी एक मागणी तयार केली आहे आणि ती आपल्या विचारासाठी येथे ठेवतो. तोलाच्या आणि ओलाव्याच्या पावतीवर आज एकच आकडा छापला जातो. त्याच्याखाली आणखी चार छापावेत : कच्चा आकडा, पासंग, गुणाकार आणि गणकाचा अंक. ओलाव्याच्या पावतीवर गुणाकाराच्या जागी कोणत्या धान्याचे कोष्टक लावले आणि दाण्यांचे तापमान किती होते ते यावे. हे सारे यंत्राला माहीत असतेच, त्यावाचून त्याला पहिला आकडा काढता आला नसता. पावतीचा कागद त्यासाठी दोन बोटे अधिक लागेल.